जाईचं इसेन्शियल ऑइल झोपेसाठी आणलं, झोपच उडाली. कुठे चुकतंय?

जागरण_कंपनी

नमस्कार मंडळी. अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यात उद्याच्या कामांची यादी सुरू होते आणि झोप लागायला तास-दीड तास जातो. गोळ्या घ्यायच्या नाहीत म्हणून अरोमाथेरपीकडे वळले. लव्हेंडर मला अजिबात सोसत नाही, मळमळतं. जाई-मोगऱ्याचा वास मात्र जीव की प्राण, म्हणून जाईचं इसेन्शियल ऑइल मागवलं. १० मिलीची बाटली, लेबलावर "१०० टक्के शुद्ध, स्टीम डिस्टिल्ड" असं छापलेलं. जिथे वाचावं तिथे एकच पालुपद: जाई मन शांत करते, झोपेच्या गोळीइतकी गुणकारी आहे, वगैरे.

माझ्याकडे सगळंच उलटं. डिफ्युझरमध्ये (वास हवेत सोडणाऱ्या यंत्रात) आठ-दहा थेंब टाकून, दार लावून पडते, तर थोड्या वेळात कपाळ जड होतं आणि डोळे टक्क उघडे. झोप राहिली बाजूला, उठून कपाट आवरावंसं वाटतं. एकदा मानेला तसंच चोळलं तर लालसर चट्टा उठला. दुसऱ्या दिवशी गेला, पण धसका बसला तो बसलाच.

तर मला कळत नाहीये की तेलच खोटं आहे, की माझी पद्धत चुकतेय, की जाई झोपेसाठी नसतेच? आणि अजून एक. माझ्या बहिणीचं बाळ चार महिन्यांचं आहे, ती अंगावर पाजते. तिलाही हा वास आवडतो. तिने वापरलं तर चालेल का?

---

मस्त_मगन

मी तर पंधरा थेंब टाकतो डिफ्युझरमध्ये, काही होत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, मग सवय होते. आणि तेल शुद्ध असेल तर थेट लावलं तरी चालतं. चट्टा आला म्हणजे भेसळ आहे, दुसरं काही नाही. कंपनी बदलून बघा.

---

थेंबे_थेंबे

मस्त_मगन, सवय होते ती नाकाला. कातडीचं नेमकं उलट असतं. तिला एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी एकदा बसली की ती सहसा जन्मभर विसरत नाही, आणि मग तोच घटक साबणात, क्रीममध्ये, अत्तरात कुठेही भेटला तरी खाज सुटते. अस्सल जाईतही अ‍ॅलर्जी आणणारे घटक भरपूर असतात. शुद्ध असेल तर थेट लावा, हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. मसाजची मिश्रणं बनवणं हाच माझा धंदा आहे, आणि लाल मान घेऊन येणाऱ्यांतले बहुतेक जण "पण तेल शुद्ध होतं हो" असंच सांगतात.

आता जागरण ताई, तुमचं. आधी बाटलीचं बघू, कारण "स्टीम डिस्टिल्ड" या दोन शब्दांनीच माझ्या भुवया वर गेल्या.

लव्हेंडर, निलगिरी, पुदिना यांचं तेल वाफेवर निघतं. जाईचं त्या पद्धतीने धड निघत नाही. फुलं नाजूक, त्यांत तेलाचं प्रमाण नगण्य, आणि वाफेच्या उष्णतेने वासाची रया जाते. म्हणून जाईची फुलं हेक्झेनसारख्या द्रावकात भिजवतात. द्रावक उडवून टाकला की मेणासारखा गोळा उरतो, त्याला काँक्रीट म्हणतात. तो इथेनॉलमध्ये धुऊन, गार करून, मेण गाळून, अल्कोहोल काढून टाकलं की हाती येतं ते अ‍ॅब्सोल्यूट. आपण ज्याला जाईचं इसेन्शियल ऑइल म्हणतो ते खरं तर हे अ‍ॅब्सोल्यूट असतं. कार्बन डायऑक्साइड वापरून काढलेला अर्कही मिळतो, तोही चांगला. फुलं वाफेवर चंदनतेलात उतरवून अत्तर करतात, पण ते चंदन धरून असतं, नुसतं जाईचं नव्हे.

आणि मालाचा हिशोब बघा. एका किलोत आठ-दहा हजार फुलं बसतात. एक किलो अ‍ॅब्सोल्यूटला साधारण सहाशे-सातशे किलो फुलं लागतात, तीही हाताने वेचलेली. जाई रात्री उमलते म्हणून उन्हं चढायच्या आत तोडणी उरकावी लागते. सगळा वास आणि सगळी किंमत याच मेहनतीत आहे. त्यामुळे जाईची १० मिलीची बाटली लव्हेंडरच्या आसपासच्या भावात मिळाली असेल, तर आत काय आहे ते वास न घेताही सांगता येतं.

तुम्ही एवढं करा. बाटली उजेडात धरून रंग बघा. जाईचं अ‍ॅब्सोल्यूट नारिंगी ते लालसर तपकिरी असतं, वय वाढेल तसं गडद होतं. बाटली तिरकी केली तर ते पाण्यासारखं पळत नाही, काचेला धरून आळसावत खाली येतं. (रंग काढून टाकलेलं अ‍ॅब्सोल्यूटही बनतं, तेव्हा नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका.) पांढऱ्या कागदावर थेंब टाकून डाग उरतो का बघायची युक्ती इथे कुचकामी आहे, कारण खऱ्या अ‍ॅब्सोल्यूटमध्येही मेण असतं आणि त्याचाही डाग पडतो. त्यापेक्षा कागदाची पट्टी बुडवून ठेवा आणि लगेच, तासाभराने, दुसऱ्या दिवशी सकाळी असा वास घ्या. खरी जाई पट्टीवर बदलत जाते: आधी फळासारखी गोड, मग फुलाची, मग उबदार, थोडी जनावराच्या अंगासारखी, चहाच्या सुक्या पानाकडे झुकणारी. बनावट वास पहिल्या मिनिटाला जो असतो, साधारण तोच शेवटपर्यंत.

लेबलावर शास्त्रीय नाव आहे का? जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम म्हणजे जाई, जॅस्मिनम संबॅक म्हणजे मोगरा. दोन्ही अरोमाथेरपीत चालतात पण वेगळी आहेत. नुसतं "जॅस्मिन ऑइल" लिहिलं असेल तर ते काहीही असू शकतं. बॅच नंबर असेल तर कंपनीकडे त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल मागा, म्हणजे तेलात कुठले घटक किती टक्के आहेत ते सांगणारा प्रयोगशाळेचा कागद. देत नाहीत म्हणाले तर तेही उत्तरच आहे.

आता पद्धत. तेल अस्सल आहे असं धरून चालले तरी आठ-दहा थेंब आणि बंद दार म्हणजे तुम्ही जाईचा मारा करून घेतलात. हे तेल थेंबाच्याही अंशात वापरायचं असतं. त्यात अ‍ॅब्सोल्यूट घट्ट असल्यामुळे अल्ट्रासॉनिक डिफ्युझरच्या चकतीवर मेणाचा थर बसतो आणि यंत्र धाप टाकायला लागतं. मी जाई डिफ्युझरमध्ये घालतच नाही. एक कागदी पट्टी उशीपासून हातभर लांब ठेवली की खोलीला पुरते.

लावण्यासाठी आधी पातळ साठा करून ठेवा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा असेल तर उत्तम, नसेल तर सुई नसलेली १ मिलीची सिरिंज. बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी करा म्हणजे तेल सैल होतं. ०.५ ग्रॅम अ‍ॅब्सोल्यूट, ४.५ ग्रॅम जोजोबा (पातळ करायला वापरतात ते बियांचं तेल). हलवा, एक दिवस ठेवा. तळाशी थोडा गाळ बसला तर घाबरू नका, ते मेण आहे, वरचं नितळ तेल वापरा. हा झाला १० टक्क्यांचा साठा. (हा जोजोबातला साठा डिफ्युझरमध्ये घालू नका. अशा न उडणाऱ्या तेलाने चकती कायमची जाईल.) १० मिलीच्या रोल-ऑनमध्ये या साठ्यातलं अर्धा मिली घातलं की जाई अर्धा टक्का होते. चेहरा-मानेसाठी मी याच्या वर जात नाही, बहुतेकदा निम्म्यावरच थांबते.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला पातळ केलेल्या तेलाचा ठिपका, ४८ तास वाट. तुमचा चट्टा एका दिवसात गेला म्हणजे बहुधा नुसती आग झाली असावी, पण कातडी पूर्ण शांत होईपर्यंत मानेला काहीही लावू नका, आणि पातळ तेलानेही पुन्हा उठला तर जाई सोडा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आंघोळीच्या पाण्यातही थेट थेंब नकोत. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि सगळं एकाच जागी अंगाला चिकटतं.

राहिला झोपेचा प्रश्न. माझं मत विचाराल तर जाई हे झोपेचं तेल नाहीच. मन उचलणारं तेल आहे. ज्याला संध्याकाळी सगळं निरस वाटतं, अंग जड, काही करावंसं वाटत नाही, त्याला मी जाई देते. कपाट आवरावंसं वाटलं म्हणालात ना? मला वाचून हसू आलं, कारण जाईचं ते अगदी नमुनेदार लक्षण आहे.

---

मोजून_मापून

औषधशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो. थेंबे_थेंबे ताईंचा अनुभव कागदावरही दिसतो.

२०१० मध्ये थायलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी स्वयंसेवकांच्या पोटावर जाईचं तेल चोळलं आणि नुसत्या तेलाच्या मसाजशी तुलना केली. जाईच्या गटात श्वासाचा वेग, रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी आणि रक्तदाब वाढले. लोकांनी स्वतः सांगितलं की जास्त सावध, जास्त तरतरीत वाटतंय, आणि कमी सैलावल्यासारखं. म्हणजे हा परिणाम उत्तेजक म्हणावा असाच आहे. छोटा अभ्यास आहे, त्यावर डोलारा उभारू नये, पण दिशा स्पष्ट आहे.

मग "झोपेच्या गोळीइतकी गुणकारी" हे कुठून आलं? तेही २०१० चंच. जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठातल्या गटाने काही सुगंधी रेणू मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर काम करतात असं दाखवलं. झोपेच्या आणि चिंतेच्या अनेक गोळ्या याच रिसेप्टरवर चालतात. पिंजऱ्यात तो वास भरपूर सोडला तेव्हा उंदीर निवांत झाले. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की जाईचा वास म्हणजे व्हॅलियम, ती चिंतेवरची प्रसिद्ध गोळी. प्रत्यक्षात त्या कामातला मुख्य रेणू प्रयोगशाळेत बनवलेला आहे, अत्तर उद्योगात वापरतात तसला. जाईचं तेल त्या उंदरांच्या नाकाशीही गेलं नव्हतं. मथळा तेवढा आजतागायत फिरतोय आणि बाटल्यांच्या जाहिरातीत येऊन बसलाय.

तिसरी गोष्ट तुमच्या कामाची. २००३ आणि २००५ मध्ये जपानी संशोधकांनी जाईच्या वासाच्या चहावर काम केलं. चहा प्यायला नाही दिला, फक्त वास. अगदी जेमतेम जाणवेल इतका मंद वास असताना हृदयाची गती कमी झाली, शरीराचा विश्रांतीकडचा कल वाढला. वास तीव्र केल्यावर मात्र लोकांचे दोन गट पडले. ज्यांना तो आवडत होता ते शांतच राहिले, ज्यांना आवडत नव्हता त्यांचं शरीर उलट ताणात गेलं. तेव्हा मंद जाई आणि तीव्र जाई या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजा. तुम्ही दुसरीत झोपायचा प्रयत्न करत होतात.

बहिणीबद्दल. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्या बाळंतिणींचं दूध थांबवायचं होतं, त्यांच्यातल्या एका गटाच्या स्तनांवर मोगऱ्याची फुलं बांधली आणि दुसऱ्या गटाला ब्रोमोक्रिप्टिन हे औषध दिलं. दोन्ही गटांत प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक, उतरलं. औषधाने जास्त उतरलं, पण दूध कमी होण्यात आणि स्तनांचा ताठरपणा जाण्यात दोन्ही गट सारखे. ती फुलं होती, तेल नव्हे, आणि थेट स्तनांवर. तरीही बाळ अंगावर पीत असताना छातीच्या आसपास जाई-मोगऱ्याचं काहीही लावू नये, आणि बाळ झोपतं त्या खोलीत हा वास कोंडू नये, असं मी स्पष्ट सांगेन. एवढ्या लहान बाळाच्या नाकाशी कुठलंच इसेन्शियल ऑइल नको, हा मुद्दा तर वेगळाच.

---

जागरण_कंपनी

बापरे, एवढी माहिती! दोघांचे आभार. बहिणीला फोन करून सांगितलं, ती म्हणाली बरं झालं विचारलंस.

बाटली तपासली. तेल पाण्यासारखं स्वच्छ आणि पाण्यासारखंच पळतं. शास्त्रीय नाव नाही. पट्टीवर वास पहिल्यापासून एकसारखा, साबणाच्या वडीच्या जवळ जाणारा. कंपनीकडे अहवाल मागितला. आधी "आमचं उत्पादन प्रमाणित आहे" हेच वाक्य फिरून फिरून आलं, शेवटी एक कागद पाठवला. त्यात बेन्झिल अ‍ॅसिटेट ५८ टक्के, हेक्झिल सिनामाल १९, मिथाइल डायहायड्रोजॅस्मोनेट ११, लिनालूल ६, बाकी किरकोळ. मला यातलं अवाक्षर कळत नाही.

---

थेंबे_थेंबे

ताई, कागद पाठवला हे त्यांचे उपकारच. स्वतःच्या हाताने कबुलीजबाब दिलाय.

बेन्झिल अ‍ॅसिटेट जाईत असतंच, तो गोड फळासारखा भाग त्याचाच. पण अस्सल अ‍ॅब्सोल्यूटमध्ये ते साधारण पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या घरात असतं. ५८ म्हणजे पिंपातून ओतलंय. हेक्झिल सिनामाल जाईच्या फुलात नसतं. साबण आणि डिटर्जंटला फुलाचा वास द्यायला ते वापरतात, म्हणून तुमच्या नाकाला साबणाची वडी आठवली. नाक बरोबर होतं तुमचं.

आणि अहवालात जे दिसायला हवं ते दिसतच नाहीये. फायटॉल, आयसोफायटॉल, फायटिल अ‍ॅसिटेट हे जड घटक जाईच्या अ‍ॅब्सोल्यूटमध्ये ठळक असतात. बेन्झिल बेन्झोएटही चांगलंच असतं. थोडंसं इंडोल, सिस-जॅस्मोन, मिथाइल जॅस्मोनेट, युजेनॉल. बनावट माल करणारा सहसा फायटॉल घालायच्या भानगडीत पडत नाही, कारण त्याला स्वतःचा असा वास फारसा नाही. म्हणून मी अहवाल हातात आला की पहिलं बोट फायटॉलच्या ओळीवर ठेवते.

ही बाटली अंगाला लावायची नाही. कपाटात कापसावर टाका हवं तर, कपडे बरे वासतील.

---

कागदी_पट्टी

मी अत्तरांच्या नादातला, उपचारातलं कळत नाही. पण इंडोलचा विषय निघाला आणि राहवलं नाही.

इंडोल हा जाईतला सगळ्यात बदनाम आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा रेणू. प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. शुद्ध इंडोलचे पांढरे स्फटिक हुंगलेत तर नाक मुरडाल: डांबरगोळी, जुनं मोरीघर, आणि हो, विष्ठा. तिथेही इंडोल असतंच. हजार पट पातळ करा, आणि त्याच वासाला फुलाची खोली येते. इंडोल काढून टाकलेली जाई छान असते, स्वच्छ असते, आणि मेलेली असते. पहिल्यांदा खरं अ‍ॅब्सोल्यूट हुंगणारे अनेकजण "हे खराब झालंय" म्हणून परत करतात ते याच्यामुळेच. जागरण ताई, तुम्ही अस्सल बाटली आणाल तेव्हा बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन निकाल देऊ नका. पातळ करा, मग बोला.

तुमच्या अहवालातलं ते मिथाइल डायहायड्रोजॅस्मोनेट म्हणजे हेडिओन. जाईच्या अर्कातल्या मिथाइल जॅस्मोनेटचा धागा धरून फिर्मेनिश या सुगंध बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेला रेणू. १९६६ साली दिओरच्या एका पुरुषांच्या अत्तरात तो वापरला गेला आणि तेव्हापासून तो नाही असं अत्तर शोधावं लागतं. हवेशीर, हलका, जाईची सावली म्हणा. वाईट वस्तू नाही ती, फक्त जाईच्या नावाने विकू नये.

अजून एक गंमत. जाईचं फूल तोडल्यावरही तासन्‌तास वास बनवत राहतं. म्हणून द्रावकांच्या आधीच्या काळात फ्रान्सातल्या ग्रासमध्ये काचेच्या तावदानांवर चरबीचा थर देऊन त्यावर फुलं मांडून ठेवत. फूल वास सोडत राही, चरबी तो शोषून घेई, दुसऱ्या दिवशी शिळी फुलं वेचून ताजी मांडायची. असं कित्येक दिवस. मग ती चरबी अल्कोहोलने धुवायची. जुन्या पद्धतींचा विषय निघाला की माझं असंच होतं, माफ करा, या पद्धतीला आँफ्लराज म्हणतात. वेळखाऊ आणि मजुरी प्रचंड, त्यामुळे आता जवळजवळ बंदच. आज जगातलं बहुतांश जाईचं काँक्रीट इजिप्त आणि भारतातून येतं.

---

मस्त_मगन

बरं, थेट लावायचं बंद. पण मोगरा की जाई? माझ्या बाटलीवर संबॅक लिहिलंय. आणि माझं तेल तपकिरी आहे, घट्ट आहे, मी आत्ताच बघितलं.

---

थेंबे_थेंबे

मग तुमचं नशीब चांगलं आणि हात सढळ. पंधरा थेंब अस्सल संबॅक रोज हवेत! घरात पाहुणे टिकतात का?

मोगऱ्याचं अ‍ॅब्सोल्यूट हिरवट, थंड, धारदार. लिनालूल जास्त, शिवाय अल्फा-फार्नेसिन आणि थोडं मिथाइल अँथ्रानिलेट, त्यामुळे संत्र्याच्या फुलाकडे झुकतं. जाई त्याच्या मानाने गोलसर, उबदार, फळाळ. मी दिवसा मोगरा आणि संध्याकाळी जाई वापरते, पण हा माझ्या नाकाचा कौल आहे, नियम नव्हे. कातडीच्या बाबतीत जाई मोगऱ्यापेक्षा जास्त जपून वापरावी. युरोपात २०२३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांचा नियम बदलला आणि लेबलावर नावानिशी सांगायच्या अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांत जाईचा अर्कही आला. अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याच्या वर असला तरी लिहायचा. इतक्या बारीक प्रमाणाची दखल घेतात, यावरून ओळखा.

जागरण ताई, तुम्हाला वास आवडतो ही मोठी जमेची बाजू आहे, मोजून_मापून सरांनी सांगितलंच. तेव्हा जाई सोडू नका, जागा बदला. संध्याकाळी कामं संपली की पातळ केलेली जाई मनगटाला, किंवा पट्टीवर. त्याच वेळी उद्याची यादी कागदावर उतरवून टाका, नाहीतरी तेव्हा आवरायची सुरसुरी येणारच आहे. रात्रीसाठी लव्हेंडर सोसत नाही तर हट्ट नको. १० मिली जोजोबात चंदनतेल दोन थेंब, रोमन कॅमोमाइल एक थेंब, आणि आपल्या १० टक्के साठ्यातले फक्त दोन थेंब. एवढ्यात जाई असून नसल्यासारखी असते, चंदनामागून डोकावते. पायाच्या घोट्यांना लावा, मानेला नको. रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टर, मग मी.

---

जागरण_कंपनी

गोळी नाही, दिवस नाहीत. नवी बाटली आणलीय, छोटीशी, १ मिली. ग्रँडिफ्लोरम, अ‍ॅब्सोल्यूट, बॅच नंबरसकट, अहवालात फायटॉल आहे! उघडल्यावर पहिली प्रतिक्रिया "ई, हे काय" अशीच होती, कागदी_पट्टी दादा. पातळ केल्यावर मात्र तिथेच बसून राहिले मनगट नाकाशी धरून. कोपराचा ठिपका स्वच्छ निघाला.

रात्रीचं मिश्रण लावते आहे. झोप पटकन लागते असं छातीठोक नाही सांगता येणार. पण कपाळ जड होणं बंद झालंय, आणि यादी संध्याकाळीच लिहून होत असल्यामुळे पडल्यावर डोकं कमी चालतं. श्रेय जाईला द्यायचं की यादीला, माहीत नाही.

एक शंका. साठा किती टिकेल? आणि ती १ मिलीची बाटली फ्रिजमध्ये ठेवू का?

---

मोजून_मापून

यादीला द्या, जाईला थोडं कमिशन.

---

थेंबे_थेंबे

फ्रिजची गरज नाही, गडद काचेची बाटली आणि कपाटातली थंड जागा पुरे. झाकण घट्ट. जोजोबा लवकर खवट होत नाही, त्यामुळे साठा वर्षभर सहज जातो. बदामतेलात केला असता तर सहा महिन्यांत संपवा म्हटलं असतं. रंग आणखी गडद झाला तर काळजी नको, ते इंडोल आहे. वास आंबूस किंवा जुन्या रंगासारखा आला तर टाकून द्या. बाटलीवर तारीख आणि "१० टक्के" असं आजच लिहून चिकटवा, नाहीतर पुढच्या महिन्यात साठा कुठला आणि रोल-ऑन कुठला हे हुंगून ओळखत बसाल. मस्त_मगन, तुम्हीही.